वाचकांचे प्रश्न : थोरल्या देवी रिटायर झाल्याच नाहीत

गेल्या अंकात ऑलिंपसवरच्या बारा ग्रीक देवांबद्दल लिहिलं होतं आणि घाईघाईत एक वाक्य टाकून दिलं होतं, "झ्यूसने जुन्या देवांना हरवून पाताळात कोंडलं." झालं! त्या एका वाक्यावरून तुम्ही मला जे धरलंय ना, निम्मे प्रश्न त्याचेच आहेत. चूक माझीच, वाक्य अर्धवट होतं. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्या जुन्या मंडळींना, त्यातही जास्त करून देवींना. प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न : मुलीच्या प्रोजेक्टसाठी ग्रीक देवांचा फॅमिली ट्री काढायचाय. सुरुवात कुणापासून करू? एका ठिकाणी केऑस आहे, एका ठिकाणी गाइया, तिसरीकडे ओशनस. डोकं आउट झालंय.

ताई, तिन्ही बरोबर आहेत. ग्रीकांकडे सगळ्यांनी मानलेला एकच धर्मग्रंथ असा प्रकार नव्हताच, कवी होते, गावोगावची देवळं होती आणि ज्याची त्याची आपली गोष्ट. चार्टवर जी वंशावळ फिरते ती बहुतेक हेसिअड नावाच्या कवीची, इ.स.पू. ७०० च्या आसपासची. त्याच्या काव्याचं नाव 'थिओगनी', म्हणजे देवांचा जन्म, हजारेक ओळी आहेत, एका बैठकीत वाचून होतं. त्यात आधी केऑस येतो, आणि केऑस म्हणजे गोंधळ नव्हे बरं का, तो अर्थ पुष्कळ नंतर चिकटला, मूळ शब्द आ वासलेली पोकळी असा आहे. त्यानंतर गाइया म्हणजे पृथ्वी, मग टार्टारस म्हणजे खालचं खोल पाताळ, आणि एरॉस. ओशनस म्हणजे पृथ्वीला वेढणारी नदी, ती गोष्ट होमर या कवीची, त्याच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या 'इलियड'मध्ये झ्यूसची राणी हेरा एका ठिकाणी ओशनसला देवांचं मूळ आणि त्याची बायको टेथिस हिला आई म्हणते.

प्रोजेक्टला हेसिअडच घ्या, सोपं पडेल. गाइयाने नवऱ्याशिवाय उरानोसला म्हणजे आकाशाला जन्म दिला, डोंगर दिले, समुद्र दिला, मग त्याच उरानोसपासून तिला बारा टायटन (हेच ते 'जुने देव') झाले, तीन एकडोळे सायक्लोप्स झाले आणि तीन शंभर हातांचे, प्रत्येकाला पन्नास डोकी. बापाला पोरं डोळ्यासमोर नकोत, तो एकेकाला परत तिच्याच पोटात ढकलायचा आणि वर खूश व्हायचा. शेवटी तिला तो ताण सहन होईना, तिने स्वतःच करड्या पोलादासारख्या धातूचा एक मोठा विळा बनवला आणि पोरांना विचारलं, कोण पुढे येतंय? सगळे गप्प. धाकटा क्रोनोस म्हणाला मी येतो. तिने त्याला दबा धरून बसवलं, रात्र घेऊन उरानोस आला आणि क्रोनोसने त्याचं पौरुष छाटून मागे भिरकावून दिलं. रक्ताचे थेंब जमिनीवर पडले त्यातून एरिन्येस म्हणजे सूड घेणाऱ्या देवी झाल्या, आणि छाटलेला भाग समुद्रात तरंगत गेला त्याच्या फेसातून ॲफ्रोडायटी. (शाळेच्या चार्टवर हे किती लिहायचं ते तुम्ही ठरवा.)

पुढे क्रोनोसही तसाच निघाला, तोही पोरं गिळायला लागला, हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीस, पोसायडन, एकामागून एक. सहाव्या खेपेला त्याच्या बायकोने, रेयाने, क्रीट बेटावर जाऊन गुपचूप झ्यूसला जन्म दिला आणि नवऱ्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेला दगड ठेवला. तो त्याने न बघताच गिळला. झ्यूस मोठा झाल्यावर मात्र क्रोनोसला गिळलेलं सगळं ओकावं लागलं.

एक टीप : काढताना पेन्सिलीने काढा, का ते पुढे कळेल.

प्रश्न : जुने देव पाताळात कोंडले म्हणता, मग थेमिस ऑलिंपसवर कशी? ती टायटनच ना?

पकडलंत. हेच ते अर्धवट वाक्य.

टायटन बारा, त्यात सहा पुरुष आणि सहा बायका. बायका म्हणजे थिया, रेया, थेमिस, म्नेमोसिनी, फीबी, टेथिस. झ्यूसची बाजू आणि टायटन यांच्यात दहा वर्षं युद्ध चाललं आणि हरलेले टार्टारसमध्ये गेले हे खरं, पण ओशनस त्या भानगडीत दिसत नाही, तो बाहेरच राहिला. आणि या सहाजणींपैकी एकीचंही नाव घेऊन हेसिअड म्हणत नाही की हिला आत टाकलं. उलट नव्या राजवटीत त्या जिथे तिथे दिसतात. थेमिस झ्यूसची दुसरी बायको झाली, तिच्या मुली सुव्यवस्था, न्याय आणि शांती. होमरमध्ये देवांची सभा बोलवायची असली की झ्यूस थेमिसला पाठवतो. म्नेमोसिनी म्हणजे स्मृती, तिच्याजवळ झ्यूस नऊ रात्री राहिला आणि नऊ म्यूझ म्हणजे कलांच्या देवी झाल्या. फीबी अपोलो आणि आर्टेमिसची आजी. मी 'जुने देव' असं सरसकट लिहून मोकळा झालो, पण हाकलले गेले ते मुख्यतः बाप आणि काका लोक, आत्या-मावश्या आपापल्या जागी.

आता गाइयाचंच बघा. उरानोसला पाडणारा विळा तिचा. क्रोनोसला "तुझं पोर तुला पाडणार" हे सांगणारे गाइया आणि उरानोस. रेयाला क्रीटला जा म्हणणारेही तेच दोघं. शंभर हातवाल्यांना सोडवलंस तरच जिंकशील हा सल्ला झ्यूसला तिचाच. मग झ्यूस जिंकल्यावर तिनेच टायफोअस नावाचा शंभर सापडोक्यांचा भयंकर प्राणी जन्माला घातला, तो झ्यूसवरच उलटला. आणि त्यालाही झ्यूसने लोळवल्यावर सगळ्या देवांना "आता यालाच राजा करा" असं सांगणारी पुन्हा गाइयाच! प्रत्येक सत्तापालटात हात आहे आणि खुर्चीवर मात्र एकदाही बसली नाही.

दुसरी स्टिक्स. आपल्याला ती मेलेल्यांची नदी म्हणून माहीत, पण हेसिअडमध्ये ती ओशनसची सगळ्यात मानाची मुलगी आहे. युद्धाआधी झ्यूसने जाहीर केलं होतं की माझ्या बाजूने जो येईल त्याचा जुना मान तसाच राहील आणि ज्याला क्रोनोसच्या राज्यात काही मिळालं नव्हतं त्याला मी देईन. (निवडणुकीआधीचं आश्वासन म्हणा हवं तर, फरक इतकाच की हे पाळलं.) सगळ्यात आधी पोचली स्टिक्स, चार मुलांना घेऊन. मुलांची नावं ईर्ष्या, विजय, सत्ता आणि बळ. तेव्हापासून ही चौघं झ्यूसच्या घरी राहतात आणि स्टिक्सला मिळालेला मान म्हणजे देव शपथ घेणार ती तिच्याच पाण्याची. देवांचे निरोप नेणारी आयरिस सोन्याच्या झारीतून ते पाणी घेऊन येते. खोटी शपथ घेतली तर तो देव पूर्ण एक वर्ष श्वासाशिवाय, आवाजाशिवाय पडून राहणार, अमृत नाही, अन्न नाही, आणि वर्ष संपलं की पुढची नऊ वर्षं देवांच्या सभेत आणि जेवणावळीत प्रवेश बंद. दहाव्या वर्षी परत. देव मरत नाहीत ना, मग शिक्षा द्यायची तर काय द्यायची, याचं उत्तर एका जुन्या देवीकडे सोपवलेलं आहे.

मेटिसची गोष्ट जास्त वाईट आहे. ती झ्यूसची पहिली बायको, शहाणपणाची देवी. गाइया आणि उरानोसने झ्यूसला सांगितलं की हिला आधी एक मुलगी होईल तुझ्याच तोडीची आणि मग एक मुलगा होईल तो सगळ्यांचा राजा. बापाने पोरं गिळली होती, हा एक पाऊल पुढे गेला, त्याने गरोदर बायकोच गिळली. मुलगी अथेना त्याच्या डोक्यातून बाहेर आली, मुलगा कधी झालाच नाही, आणि हेसिअड म्हणतो मेटिस आत बसून त्याला बरंवाईट सांगत राहते. म्हणजे झ्यूसची ती प्रसिद्ध अक्कल कुठून आली ते समजलं!

आणि एक, हे मला फार आवडतं. डेल्फीचं देऊळ अपोलोचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण एस्किलसचं इ.स.पू. ४५८ मधलं 'युमेनिडीस' नाटक उघडतं तेव्हा डेल्फीची पुजारीण दारात उभी राहून प्रार्थना म्हणते आणि पहिलं नाव घेते गाइयाचं, ही इथली पहिली भविष्य सांगणारी. दुसरं नाव तिची मुलगी थेमिस. तिसरी फीबी. आणि फीबीने ही जागा नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून दिली, म्हणून तो फीबस अपोलो. काही गोष्टींत अपोलो तिथे अजगर मारून जागा घेतो, पण एस्किलसने मारामारी गाळली आणि आजीकडून नातवाकडे अशी शांत बदली दाखवली. आणि गंमत म्हणजे त्याच नाटकात पुढे एरिन्येस ओरडतात की या पोरसवदा देवांनी जुने कायदे तुडवले. अथेना त्यांना दमदाटी करून गप्प बसवत नाही, घासाघीस करते. अथेन्समध्ये घर देते, पूजा देते, वर मान देते, तेव्हा कुठे त्या शांत होतात.

प्रश्न : झ्यूस फक्त निक्सला घाबरायचा असं एका रीलमध्ये पाहिलं. खरं की फेकाफेकी?

अर्धं खरं. एकच प्रसंग आहे, 'इलियड'च्या चौदाव्या भागात, आणि तो इतका मस्त आहे की पूर्ण सांगतो.

ट्रॉयच्या युद्धात हेराला झ्यूसला थोडा वेळ झोपवायचंय, म्हणजे पोसायडनला ग्रीकांना मदत करता येईल. ती हिप्नोसकडे म्हणजे झोपेच्या देवाकडे जाते, सोन्याचं आसन देते म्हणते. हिप्नोस हात जोडतो, म्हणतो बाई, दुसऱ्या कुणालाही झोपवीन, अगदी ओशनसलासुद्धा, पण झ्यूस नको, मागे तुझं ऐकून एकदा झोपवलं होतं तेव्हा तू त्याच्या मुलाला, हेराक्लीसला, वादळात भरकटवलंस, आणि तो जागा झाल्यावर त्याने घरभर देवांना इकडेतिकडे फेकलं, मला तर आकाशातून समुद्रातच टाकणार होता, मी आईकडे पळालो म्हणून वाचलो. आई म्हणजे निक्स, रात्र. आणि झ्यूस इतका चिडलेला असूनही थांबला, कारण रात्रीला न आवडणारं काही करायची त्याची तयारी नव्हती.

बस, एवढंच. निक्स स्वतः त्या प्रसंगात एक शब्द बोलत नाही. होमर पुढे काही समजावून सांगतही नाही. मला तरी त्यामुळेच ती जास्त भारी वाटते.

(मग हिप्नोस तयार कसा झाला? हेराने त्याला पासिथिया नावाची बायको देऊ केली, बऱ्याच दिवसांपासून त्याचा जीव होता तिच्यावर. पण त्याला नुसतं तोंडी चालेना. तो म्हणाला स्टिक्सच्या पाण्याची शपथ घे, एक हात जमिनीवर ठेव, दुसरा समुद्रावर, आणि खाली क्रोनोसजवळ जे देव आहेत ते साक्षीदार. म्हणजे कोंडलेले टायटनसुद्धा साक्षीला चालतात!)

'फक्त निक्सला' हे मात्र रीलवाल्याने पदरचं जोडलंय. मेटिसच्या मुलाला घाबरून तिला गिळलं ते वर आलंच, आणि थेटिस नावाच्या समुद्रदेवीवर झ्यूस आणि पोसायडन दोघंही लट्टू होते, तिचा मुलगा बापापेक्षा जबरदस्त निघणार असं कळल्यावर दोघांनी माघार घेतली आणि तिचं लग्न माणसाशी लावून दिलं, तो मुलगा अकिलीस.

निक्सची मुलं मात्र एकदा वाचाच, हेसिअडने यादी दिलीय. मृत्यू, झोप, स्वप्नं, म्हातारपण, फसवणूक, भांडण, नेमेसिस, बहुतेक सगळी बापाशिवाय झालेली. आणि मुलगी हेमेरा, म्हणजे दिवस. या मायलेकी एकाच घरात राहतात पण दोघी एका वेळी कधीच घरात नसतात, एक आत येताना दुसरी बाहेर निघते, काशाच्या मोठ्या उंबऱ्यावर दोघींची भेट होते तेवढीच.

प्रश्न : क्रोनोस म्हणजे काळाचा देव ना?

नाही. टायटनचं नाव वेगळं आणि काळ या अर्थाचा ग्रीक शब्द वेगळा, पहिल्या अक्षरातच फरक आहे, आपल्या लिपीत तो दिसत नाही एवढंच. पण ही गल्लत ग्रीक लोकांनीही जुन्या काळापासूनच केलेली आहे त्यामुळे तुम्ही एकटे नाही. हातात विळा असलेला म्हातारा 'काळ' चित्रांमध्ये दिसतो तो याच गल्लतीतून.

प्रश्न : हेस्टियाने डायोनायससला स्वतःची जागा दिली म्हणून ती बारा देवांत नाही, ही गोष्ट नेमकी कुठे आहे?

जुन्या ग्रीक साहित्यात कुठेच नाही. विसाव्या शतकातल्या पुस्तकांतून ती पसरली आणि आता जो तो तीच सांगतो, कारण गोष्ट गोड आहे. खरी परिस्थिती अशी की बारा कोण याच्या याद्याच वेगवेगळ्या होत्या, अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीत द्राक्षासवाचा देव डायोनायसस आहे, हेस्टिया नाही. प्लेटो 'फीड्रस'मध्ये म्हणतो की बाकीचे देव रथ घेऊन आकाशात फेरी मारायला निघतात तेव्हा हेस्टिया एकटी घरी राहते.

घरी बसली म्हणून बिचारी वगैरे समजू नका. पोसायडन आणि अपोलो दोघंही तिला मागणी घालत होते, तिने झ्यूसच्या डोक्याला हात लावून शपथ घेतली की लग्न करणार नाही, आणि त्याबदल्यात घराच्या मधोमध जागा मिळवली. अग्नी तिचा. मेजवानीत द्राक्षासवाचा पहिला आणि शेवटचा थेंब तिच्या नावाचा. आणि वयाचं बघाल तर ती सगळ्यात थोरली आणि सगळ्यात धाकटीही, कारण क्रोनोसने पहिल्यांदा तिलाच गिळलं होतं, म्हणजे ओकताना ती शेवटी बाहेर आली.

प्रश्न : हेकटी चेटकिणींची देवी असताना हेसिअड तिची एवढी स्तुती का करतो?

कारण चेटूक, भुतं, कुत्र्यांचं रडणं हे सगळं तिच्याकडे जास्त करून नंतर आलं. हेसिअडने तिला चाळीसेक ओळी दिल्यात, एवढ्या बऱ्याच मोठ्या देवांनाही नाहीत. ती टायटनांची नात, कोयस आणि फीबीची मुलगी ॲस्टीरिया, तिची ही मुलगी. आणि हेसिअड स्पष्ट सांगतो की पृथ्वी, समुद्र, आकाश तिन्हीकडे तिचा जो वाटा टायटनांच्या काळापासून होता त्यातलं झ्यूसने काहीही काढून घेतलं नाही. वर तिची कामं मोजतो : सभेत बोलणाऱ्याला मान देते, शर्यतीत जिंकवते, कोळ्याला जाळंभर मासे देते, आणि मनात आलं तर दिसलेले मासे सहज घालवतेही. ती 'मनात आलं तर' ही भानगड त्या ओळींमध्ये सारखी येते.

तीन देहांची हेकटी अथेन्समध्ये पहिल्यांदा अल्कामिनीस या शिल्पकाराने घडवली असं पॉसेनियस या प्रवाशाने लिहून ठेवलंय. तीन तोंडं तिठ्यासाठी फिट, तिन्ही रस्त्यांवर नजर. दर महिन्याच्या अखेरीला अमावस्येच्या सुमारास लोक तिठ्यावर तिच्यासाठी जेवण ठेवायचे. ते जेवण कोण खायचं? ॲरिस्टोफेनीसच्या 'प्लुटस' नाटकात (इ.स.पू. ३८८) गरिबी येऊन वाद घालते तेव्हा तिला सांगतात की श्रीमंत चांगला की उपाशी चांगला हे हेकटीलाच विचार, ती सांगेल की श्रीमंत दर महिन्याला जेवण पाठवतात आणि गरीब ते खाली ठेवायच्या आधीच पळवतात.

प्रश्न : पर्सेफनीचं अपहरण हेडीसने केलं ते माहीत होतं, पण झ्यूसनेच परस्पर ठरवलं होतं का? सख्खा बाप ना तो? मला दोन मुली आहेत, वाचून झोप लागली नाही.

हो ताई, बापानेच. आणि कवीने ते लपवलेलं नाही. पर्सेफनीची आई म्हणजे पिकांची देवी डिमीटर, तिचं जे जुनं स्तोत्र आहे ते होमरच्या नावावर खपतं पण त्याचं नाही, १७७७ मध्ये त्याचं एकच हस्तलिखित मॉस्कोत सापडलं, ते आता लायडनला असतं, म्हणजे केवढ्याशा धाग्यावर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली बघा.

पोर मैत्रिणींबरोबर फुलं तोडत होती. झ्यूसच्या सांगण्यावरून गाइयाने एक नार्सिससचं झाड उगवलं, एका मुळातून शंभर फुलं, फक्त तिला भुलवायला. (गाइयाचा इथेही हात, काय बोलायचं.) तिने दोन्ही हात पुढे केले आणि जमीन फाटली. तिची किंकाळी हेकटीने गुहेत ऐकली आणि सूर्याने ऐकली, बाकी कुणीही उत्तर दिलं नाही. डिमीटर नऊ दिवस मशाली घेऊन फिरली, जेवली नाही, अंगावर पाणी घेतलं नाही. दहाव्या दिवशी हेकटीच हातात दिवा घेऊन तिला भेटायला आली आणि दोघी मिळून सूर्याकडे गेल्या. त्याने सांगितलं की झ्यूसने तिला आपल्या भावाला, पाताळाच्या राजाला हेडीसला दिली, आणि वर म्हणाला जावई काही वाईट नाही. हे असलं बोलणारा एक जण कुठेही असतोच.

मग ती म्हातारीच्या रूपात एल्युसिसला येऊन विहिरीजवळ बसली. राजाच्या मुलींनी घरी नेलं. मोठं आसन दिलं त्यावर बसेना, मग एका कामवाल्या बाईने, इआम्बीने, साधं स्टूल आणलं आणि वर पांढरं कातडं टाकलं. त्यावर ती बसली, तोंडावर पदर ओढून, न बोलता, बराच वेळ. इआम्बीने काहीबाही थट्टा करून तिला हसवलं. द्राक्षासव नको म्हणाली, सातूचं पीठ, पाणी आणि पुदिन्यासारखा एक पाला, एवढंच कालवून मागितलं. दुःखातल्या बाईला कसं बोलतं करावं हे ज्याने लिहिलं त्याने जवळून पाहिलेलं असणार.

त्यानंतर तिने जे केलं त्याला संपच म्हणायला हवा. वर्षभर बी उगवू दिलं नाही. माणसं उपाशी, आणि माणसं उपाशी म्हणजे देवांना बळी नाहीत, तेव्हा झ्यूस हलला. आधी आयरिसला पाठवलं, मग एकेका देवाला भेटी देऊन पाठवलं, हिने सगळ्यांना परत लावलं, मुलगी डोळ्यांनी दिसल्याशिवाय दाणा उगवणार नाही. शेवटी हर्मीस खाली गेला. पर्सेफनी वर आली पण हेडीसने डाळिंबाचा एक दाणा खायला घातलेला होता त्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा खाली आणि दोन हिस्से आईकडे असं ठरलं. आणि डिमीटरला परत ऑलिंपसवर आणायला झ्यूसने कुणाला पाठवलं? रेयाला, म्हणजे दोघांच्या आईला! पोरांचं भांडण मिटवायला ती त्या उजाड रानात उतरली आणि तेव्हा कुठे शेतं हिरवी झाली. पाताळात कोंडली असती तर कुठून आणली असती.

प्रश्न : तीन नियतीदेवी नक्की कुणाच्या मुली? निक्सच्या की झ्यूसच्या?

दोन्ही, आणि दोन्ही एकाच हेसिअडच्या एकाच काव्यात! आधी त्या बापाशिवाय झालेल्या निक्सच्या मुली म्हणून येतात आणि जवळपास सातशे ओळींनंतर झ्यूस आणि थेमिसच्या. काही अभ्यासक म्हणतात ओळी मागून घुसवल्या. मला वाटतं झ्यूसच्या राज्यात नियतीसारखी ताकद घराबाहेरची राहून चालली नसती, म्हणून तिला मुलगी करून घेतलं. पेन्सिल म्हणालो ती यासाठी. ॲफ्रोडायटीचंही तसंच, हेसिअडमध्ये फेसातून, होमरमध्ये झ्यूस आणि डायोनीची मुलगी.

प्रश्न : हेरा नुसती मत्सरी आणि भांडखोर. तिची पूजा कोण करत असेल?

गोष्टी वाचून तसं वाटतं, देवळं बघून वाटत नाही. ऑलिंपियाला तिच्या नावाचं देऊळ इ.स.पू. ६०० च्या सुमाराचं, झ्यूसचं मोठं देऊळ त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी पूर्ण झालं. पॉसेनियस त्या हेराच्या देवळात गेला तेव्हा हेरा सिंहासनावर बसलेली आणि झ्यूस शेजारी शिरस्त्राण घालून उभा, असं त्याने लिहिलंय. तिथेच दर चार वर्षांनी मुलींच्या धावण्याच्या शर्यती व्हायच्या, पुरुषांच्या मैदानापेक्षा अंतर एक षष्ठांश कमी, जिंकलेलीला ऑलिव्हचा मुकुट. आजची ऑलिंपिक ज्योतही त्याच देवळाच्या अवशेषांपुढे आरशाने पेटवतात. सॅमोस बेटावरचं तिचं देऊळ तर हेरोडोटस या इतिहासकाराने आपण पाहिलेल्या देवळांत सगळ्यात मोठं म्हटलंय, आता तिथे एकच खांब उभा आहे. शिवाय १९५२ मध्ये लिनिअर बी ही ग्रीकांची फार जुनी लिपी उलगडली तेव्हा ग्रीसमधल्या पिलोसच्या मातीच्या पाट्यांवर झ्यूसबरोबर हेराचंही नाव निघालं, म्हणजे होमरच्या आधी किमान चारेकशे वर्षं.

प्रश्न : बाप-मुलाच्या सत्तेच्या या गोष्टी ग्रीकांच्या स्वतःच्या की कुठून घेतलेल्या?

सांगाडा पूर्वेकडचा दिसतो. आजच्या तुर्कस्तानात हत्तुसा हे हित्ती लोकांच्या राजधानीचं ठिकाण आहे, तिथल्या पाट्यांवर हेसिअडपेक्षा पाचेकशे वर्षं जुनी गोष्ट सापडली. आलालूला अनूने घालवलं, अनू म्हणजे आकाश, अनूला कुमार्बीने. अनू वर पळत असताना कुमार्बीने पाय धरून खाली ओढला आणि त्याचं पौरुष दातांनी तोडून गिळलं. अनू हसला, म्हणाला खूश होऊ नकोस, तुझ्या पोटात आता वादळाचा देव आहे. दुसऱ्या एका गोष्टीत आकाश आणि पृथ्वी जिने कापून वेगळे केले ती तांब्याची जुनी करवत 'आधीच्या देवांच्या' कोठारातून बाहेर काढतात. विळा आठवला ना? पण उरलेल्या तुकड्यांत मला कुठे स्वतः हत्यार बनवून पोरांसमोर ठेवणारी आई दिसली नाही.

प्रश्न : क्रोनोसने गिळलेल्या त्या दगडाचं पुढे काय झालं?

शेवटचा प्रश्न, आठवीतल्या मुलाचा आहे, आणि सगळ्यात भारी आहे. क्रोनोसने ओकताना आधी दगड बाहेर आला, कारण तो शेवटी गेला होता. झ्यूसने तो डेल्फीला ठेवला, माणसांनी बघून थक्क व्हावं म्हणून. आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस डेल्फीला गेला तेव्हा लोकांनी त्याला एक दगड दाखवला, हाच तो म्हणाले. तो लिहितो, दगड फारसा मोठा नाही. त्यावर रोज तेल ओततात आणि सणाच्या दिवशी न कातलेली लोकर घालतात.